कंदातली अळी आणि चौकटीबाहेरचा कंद

कुरुंदा (ता. वसमत, जि. हिंगोली) परिसरातल्या काही शिक्षकांनी आणि त्यांच्या वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांनी पावसाळ्यात टिपलेली ४२ छायाचित्रे आमच्याकडे अभिप्रायासाठी आली. सगळी निकटचित्रे आहेत. म्हणजे किडा, फूल, पान, बुरशी असे लहान विषय अगदी जवळ जाऊन टिपलेले. दोन-चार सोडली तर बाकीची मोबाइल फोनवर काढलेली आहेत. सोबतच्या पत्रात एकच प्रश्न होता : रचना, प्रकाश आणि नंतरचे संस्करण यांत काय सुधारले तर ही छायाचित्रे अधिक चांगली होतील?

प्रश्न सरळ आहे, पण त्याचे उत्तर तितके सरळ नाही. भिंतीवर टांगायचे चित्र आणि वर्गात दाखवायचे चित्र यांच्या 'चांगले' असण्याच्या कसोट्या पुष्कळदा सारख्या असतात; जेथे त्या वेगळ्या होतात, तेथे मात्र मोठी गडबड होते. या ४२ चित्रांमध्ये दोन्ही प्रकार आहेत, म्हणून त्यांचा जरा सविस्तर विचार करावासा वाटला.

सुरुवात संग्रहातल्या सर्वांत देखण्या चित्रापासून करू. कापलेला हळदीचा कंद, त्यात एक पांढुरकी, बिनपायांची अळी. अळीने जवळजवळ सगळी चौकट व्यापली आहे. तिच्या अंगावरची वळी मोजता येतात. भोवती सोनेरी-केशरी रंग. खाली मथळा आहे : 'कंदमाशीच्या अळीने कुजवलेला हळकुंडाचा कंद'.

वसमत तालुका हळदीचा. येथल्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे कंद का कुजतो, हा प्रश्न तिथल्या वर्गात बसलेल्या मुलांच्या घरचा प्रश्न आहे, हे ध्यानात घेऊन चित्राकडे पाहिले पाहिजे. कंदमाशी ही लांब पायांची, काळसर, सडपातळ माशी. उघड्या पडलेल्या कंदांजवळ ती अंडी घालते आणि अळ्या कंदात शिरतात. इतके खरे. परंतु निरोगी कंद अळीमुळे कुजतो, की आधी बुरशीने कुजू लागलेल्या कंदाकडे माशी ओढली जाते, याबद्दल अभ्यासकांमध्ये वाद झालेला आहे. कंदकुजीला जबाबदार असणाऱ्या पिथियमसारख्या बुरश्या, शेतात साचणारे पाणी आणि माशी ही तिन्ही एकाच वेळी हजर असतात. आधी कोण आले, हे ठरवणे म्हणूनच अवघड जाते. उपाय मात्र वेगवेगळे आहेत. पाण्याचा निचरा करणे वेगळे, उघड्या कंदांवर मातीची भर घालणे वेगळे, बुरशीनाशक वेगळे आणि कीटकनाशक वेगळे.

आता पुन्हा चित्र पाहा. अळी आहे, कूज आहे, आणि दोन्ही एकाच चौकटीत आहेत. पाहणाऱ्याने कार्यकारणसंबंध स्वतःच जोडून घ्यावा, अशी ही रचना आहे. कंदाचा जो भाग चौकटीबाहेर राहिला, तो निरोगी होता की आधीच मऊ पडलेला? त्याच गड्ड्याच्या ज्या हळकुंडांत अळी नव्हती, तीही कुजलेली होती का? रोपाची पाने पिवळी पडली होती का, आणि शेंड्याकडून की बुडाकडून? ही सारी माहिती चित्र काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होती. चौकट घट्ट करताना ती बाहेर पडली. छायाचित्रणाच्या पुस्तकांत 'विषयाच्या जवळ जा, चौकट भरा' हा पहिला उपदेश असतो. तो मानल्यामुळेच हे चित्र देखणे झाले आणि पुरावा म्हणून लंगडे राहिले.

त्यात भर पडली संस्करणाची. रंग अधिक गडद करण्याची कळ फोनमध्ये असते. ती येथे बरीच वर सरकवलेली दिसते. निरोगी कंदाचा पिवळा-केशरी आणि कुजलेल्या भागाचा तपकिरी हे दोन रंग त्यामुळे एकमेकांकडे सरकले आणि सगळेच सोनेरी झाले. कूज कुठे संपते आणि निरोगी गर कुठे सुरू होतो ही रेघ या चित्रातली सर्वांत मोलाची गोष्ट होती. तीच पुसली गेली.

यावर उपाय अगदी साधा आहे. एका चित्राऐवजी तीन काढावीत. पहिले उभ्या रोपाचे, आजूबाजूच्या सऱ्यांसह. दुसरे उपटलेल्या पूर्ण गड्ड्याचे, चांगली आणि बिघडलेली हळकुंडे शेजारी शेजारी ठेवून. तिसरे हे निकटचित्र. तिघांत कुठेतरी पांढऱ्या कागदाचा तुकडा असावा. नंतर रंग जुळवताना तो कागद पांढरा दिसेपर्यंत जुळवायचे आणि तिथे थांबायचे. 'कुजवलेला' या शब्दाऐवजी मथळ्यात 'कुजलेल्या कंदात आढळलेली अळी' असे लिहिले असते, तर आमची निम्मी तक्रार मिटली असती.

रचनेचा दुसरा मुद्दा फुलपाखरांच्या चित्रांवरून समजेल. दोन चित्रांखाली 'बिबळ्या कडवा' असे नाव आहे. नारिंगी पंख, काळे टोक, त्यात पांढरे ठिपके. पहिल्या चित्रात डोके आणि सोंड ऐन कोपऱ्यात, नियमाप्रमाणे चौकटीच्या एक तृतीयांश रेषेवर आली आहे. या नियमाची चर्चा कोणत्याही पुस्तकात सापडेल, आम्ही ती करत नाही. डोके छान टिपले गेले, पण मागचे पंख कातरले गेले. त्यामुळे हे फुलपाखरू बिबळ्या कडवाच आहे, असे आम्ही म्हणू शकत नाही. बिबळ्या कडव्याची अळी रुईसारख्या चिकाच्या झाडांवर वाढते आणि त्यातले विषारी घटक अंगात साठवते, म्हणून पक्षी या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. या बदलौकिकाचा फायदा छोटा चांदवा या वेगळ्याच फुलपाखराची मादी घेते. तिची अळी घोळीच्या पानांवरही वाढते, तिच्यात ते विष नाही. पण रंगरूप हुबेहूब बिबळ्या कडव्याचे. दोघांना वेगळे ओळखायची सोपी खूण म्हणजे मागच्या पंखाच्या मध्यभागी असलेले तीन-चार काळे ठिपके. ते बिबळ्या कडव्याला असतात, छोट्या चांदव्याच्या मादीला नसतात. कातरीने नेमका तोच भाग नेला.

दुसरे चित्र मात्र रचनेच्या दृष्टीने कंटाळवाणे आहे. फुलपाखरू मधोमध, पंख मिटलेले, बाजूने काढलेले. मागच्या पंखावरचे ठिपके स्पष्ट. वर्गासाठी आम्ही हेच निवडू. शिवाय त्यात एक शहाणपण आहे, ते काढणाऱ्याच्या ध्यानात आले असेल-नसेल. फोन पंखांच्या पातळीला समांतर धरल्यामुळे पंखाची चारही टोके स्पष्ट आली आहेत.

हे समांतर धरणे इतके महत्त्वाचे का, ते पाहू. निकटचित्रात विषयाचा फारच पातळ थर स्पष्ट येतो. त्याच्या पुढचे-मागचे धूसर होते. मोठ्या संवेदकाच्या, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या संवेदकाच्या कॅमेऱ्याने विषय आणि प्रतिमा एकाच आकाराची येईल इतके जवळ गेलो, तर एफ/८ या छिद्राला स्पष्ट थर सुमारे १ मिलिमीटरचा असतो आणि एफ/१६ ला सुमारे २ मिलिमीटरचा. एका घरमाशीच्या जाडीपेक्षाही हे कमी. मग छिद्र आणखी लहान का करू नये? कारण भिंग विषयाच्या जवळ नेण्यासाठी संवेदकापासून जसे दूर जाते, तसे छिद्र परिणामतः आणखी लहान होते. या अंतरावर एफ/१६ चे काम एफ/३२ सारखे होते. तेवढ्या बारीक छिद्रातून प्रकाश जाताना विवर्तनामुळे पसरतो, आणि प्रत्येक बिंदूचा चक्क ०.०४ मिलिमीटरचा ठिपका होतो. थर जाड झाला, पण सगळेच थोडे थोडे धूसर झाले. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना विवर्तन शिकवताना फळ्यावरच्या फटीपेक्षा हे उदाहरण अधिक पटेल, असे आम्हाला वाटते.

फोनचा संवेदक लहान असल्याने स्पष्ट थर आपोआप जाड मिळतो. म्हणून फोनवाल्यांनी मोठ्या कॅमेऱ्याचा हेवा करण्याचे कारण नाही. घड्याळ दुरुस्तीवाल्याकडचे भिंग फोनच्या भिंगापुढे नीट धरले, तरी किड्याचे संयुक्त डोळे दिसतात. अडचण वेगळीच असते. फोन स्वतःच्या मनाने चित्राच्या कडा तीव्र करतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत करतो. अंगावरची बारीक लव त्यात नाहीशी होते, हे लवयुक्त किड्यांचे चित्र पाहताना विसरू नये.

प्रकाशाच्या बाबतीत संग्रह एकूण कमकुवत आहे. बहुतेक चित्रे दुपारची दिसतात. मराठवाड्यातले ऊन, काळी कापसाची जमीन आणि चकाकणारा भुंगेरा हे तिन्ही एकत्र आले की भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा डाग, पोटाखाली काळा खड्डा आणि मधे काहीच नाही, असे चित्र मिळते. चित्रकाराचा यात दोष नाही. सूर्य आकाशात लहानसा दिसतो, म्हणून त्याच्या सावल्या तीक्ष्ण असतात. प्रकाशाचा उगम मोठा केला की सावल्या मऊ होतात. जुन्या धोतराचा तुकडा किंवा ट्रेसिंग पेपर किड्याच्या वर वीतभर अंतरावर धरला, तर किड्याच्या दृष्टीने तो तुकडाच आकाश होतो. खालून एक पांढरा पुठ्ठा लावावा. दोघांचे काम आहे. एकाने धरायचे, एकाने टिपायचे, म्हणून शाळेच्या गटाला सोयीचे. सकाळी साडेआठच्या आत गेले तर तेही लागत नाही, आणि थंड हवेत किडेही सुस्त असतात.

पण प्रकाश नेहमी मऊच हवा असे नाही. संग्रहातले हळदीच्या पानाचे चित्र मागून ऊन घेऊन काढले आहे आणि ते आम्हाला फार आवडले. एकदल वनस्पतींच्या पानांत शिरा समांतर असतात, हे वाक्य मुले ज्वारीच्या पानावरून पाठ करतात. हळदही एकदलच. तिच्या पानात मधली शीर आहे, आणि तिच्यापासून निघालेल्या बाजूच्या शिरा तिरप्या जातात, पण एकमेकींशी समांतर. समोरून प्रकाश घेतला असता तर पान नुसते हिरवे दिसले असते. मागून घेतल्याने 'समांतर कशाशी?' हा प्रश्न चित्रातच उभा राहतो. शेजारी पिंपळाच्या जाळीदार पानाचे असेच चित्र असते तर जोडी पूर्ण झाली असती.

प्रकाशाचे सर्वांत फसवे उदाहरण बेशरमाच्या फुलाचे आहे. जांभळट फूल, त्यात शिरलेला काळा भुंगा आणि मागे संपूर्ण अंधार. फ्लॅश वापरला आहे. काढणाऱ्या विद्यार्थिनीने वेळ लिहून ठेवली नसती, तर आम्ही हे रात्रीचे चित्र मानले असते. ते सकाळी दहाचे आहे! भर उन्हात अंधार कोठून आला? प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. फ्लॅश फुलापासून १५ सेंटिमीटरवर आणि मागचे कुंपण दीड मीटरवर असेल, तर कुंपणावर फुलाच्या शंभराव्या हिश्शाइतकाच फ्लॅशचा उजेड पडतो. कॅमेरा फुलापुरता उजेड घेण्यासाठी छिद्र बारीक करतो आणि उरलेले सगळे काळोखात जाते. पार्श्वभूमीची गर्दी लपवण्याची ही युक्ती छायाचित्रकार सर्रास वापरतात.

येथे तिने दोन नुकसाने केली. काळ्या भुंग्याची कड काळ्या पार्श्वभूमीत विरघळली; त्याचे पाय कुठे आहेत, परागकण कुठे लागले आहेत, काही कळत नाही. दुसरे नुकसान अधिक गंभीर. लाकूड पोखरून राहणाऱ्या या भुंग्यांच्या एका जातीचे, झायलोकोपा ट्रँक्वेबॅरिका हिचे, रात्री उडणे आपल्याच भीमाशंकर अभयारण्यात अभ्यासले गेले आहे. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार या भुंग्यांना चांदण्यांच्या उजेडातही रंग ओळखता येतात. माणूस त्या उजेडात रंगांच्या बाबतीत आंधळा असतो. म्हणजे 'रात्री फुलावर आलेला भुंगा' ही महाराष्ट्रात एक शास्त्रीय बातमी ठरू शकते. दिवसाच्या चित्राने तिचे सोंग घेऊ नये. भुंग्यामागे एखादी फिकट फांदी किंवा हिरवे पान येईल, असा कोन घेऊन फ्लॅश सौम्य केला असता तर हे चित्र संग्रहातल्या पहिल्या पाचांत आले असते. विद्यार्थिनीने वेळ लिहिली याबद्दल मात्र तिचे कौतुक केले पाहिजे. बाकी ४१ चित्रांपैकी फक्त सहांवर वेळ आहे.

आता संस्करणाकडे वळू. रुईच्या कोवळ्या शेंड्यावरच्या पिवळ्या माव्याची दोन चित्रे आहेत, मूळ आणि सुधारलेले. सुधारलेल्या चित्रातून 'अनावश्यक गोष्टी काढल्या', असे पाठीमागे लिहिले आहे. हल्लीच्या फोनमध्ये बोटाने गोल केला की नको ती वस्तू गायब होते आणि तिच्या जागी यंत्र अंदाजाने हिरवा देठ भरते. काढलेल्या गोष्टी कोणत्या, तर पाच मुंग्या. मावा रस शोषतो, गोड स्राव टाकतो, मुंग्या तो पितात आणि माव्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. एका देठावर घडणारा हा सहजीवनाचा धडा मूळ चित्रात पूर्ण होता. सुधारलेल्या चित्रात पिवळे ठिपके उरले. येथे आम्ही निःसंकोच म्हणू की मूळ चित्र उत्तम आहे आणि त्याला हात लावायला नको होता. धूळ, संवेदकावरचा डाग, वाकडी चौकट, उजेडाची कमी-जास्त मात्रा एवढे सुधारावे. जी वस्तू त्या वेळी तिथे होती, ती काढू नये आणि नव्हती ती घालू नये.

ही खोड फोनने आणलेली नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याने १८८५ पासून सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणांची छायाचित्रे काढली. १९३१ मध्ये तो वारला तोवर ती पाच हजारांवर गेली होती. दोन हिमकण सारखे नसतात, हा लोकप्रिय समज त्याच्याच चित्रांनी रुजवला. काळ्या पार्श्वभूमीवर लखलखणारी ती षट्कोनी नक्षी आजही पुस्तकांत असते. ती काळी पार्श्वभूमी बेंटली हाताने करत असे : काचेच्या निगेटिव्हची दुसरी प्रत करून हिमकणाभोवतीचा थर चाकूने खरवडून काढायचा. जर्मन हवामानशास्त्रज्ञ गुस्ताव हेलमान यांनी यावर कडक आक्षेप घेतला. चाकू कडेपर्यंत गेला म्हणजे कण नेमका कोठे संपतो हे निसर्गाऐवजी चाकू ठरवतो, असा त्या आक्षेपाचा रोख. हेलमान यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, रिचर्ड नॉयहाउस यांनी काढलेल्या छायाचित्रांत हिमकण वेडेवाकडे, तुटके, एका बाजूला झुकलेले दिसतात. बहुतेक हिमकण तसेच असतात. बेंटलीने मुद्दाम खोटे काही केले नाही. त्याने सुंदर कण निवडले आणि कडा साफ केल्या. एवढ्यानेच जगाची हिमकणांबद्दलची कल्पना बदलली. त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. खरवडणे प्रतीवर होई, मूळ निगेटिव्ह तो राखून ठेवी. आमच्याकडे आलेल्या ४२ पैकी निम्म्याहून अधिक चित्रांच्या मूळ फाइली आता शिल्लक नाहीत, असे पत्रात म्हटले आहे. शंभर वर्षांपूर्वीचा शेतकरी या बाबतीत पुढे होता!

मांडून काढलेल्या चित्रांचा प्रश्न याहून नाजूक आहे. संग्रहात कडुनिंबाच्या सालीवर बसलेल्या करड्या पतंगाचे चित्र आहे. साल आणि पतंग इतके एकरूप आहेत की क्षणभर पतंग दिसतच नाही. मागे विद्यार्थ्याने लिहिले आहे : 'ट्यूबलाइटखाली मेलेला सापडला, सालीवर ठेवला.' हे वाक्य आम्हाला चित्राइतकेच मोलाचे वाटते, आणि त्याचे कारण विज्ञानाच्या इतिहासात आहे.

इंग्लंडमधल्या ठिपकेदार पतंगाची गोष्ट शिक्षकांना ठाऊक असते. कारखान्यांच्या काजळीने झाडांची खोडे काळी पडली, फिकट पतंग पक्ष्यांना सहज दिसू लागले, काळ्यांची संख्या वाढली. नैसर्गिक निवडीचे हे उदाहरण १९५३ आणि १९५५ मधल्या बर्नार्ड केटलवेल यांच्या प्रयोगांनी प्रसिद्ध झाले. त्यासोबत पुस्तकांत एक छायाचित्र येई : एकाच खोडावर, शेजारी शेजारी, एक फिकट आणि एक काळा पतंग. रचना आदर्श, तुलना एका नजरेत. अशा अनेक चित्रांतले पतंग मेलेले होते, टाचणीने किंवा गोंदाने बसवलेले. रंगांची तुलना दाखवण्यासाठी असे करण्यात गैर काही नाही. पण मथळ्यात तसे म्हटलेले नसे. १९९८ नंतर या प्रयोगांच्या त्रुटींची चर्चा सुरू झाली, तेव्हा उत्क्रांती नाकारणाऱ्या लोकांनी नेमके हे चित्र उचलले. चित्र बनावट म्हणून प्रयोग बनावट, आणि प्रयोग बनावट म्हणून सिद्धान्तही बनावट, असा तो युक्तिवाद. शेवटी केंब्रिजच्या मायकेल मजेरस यांनी २००१ पासून सहा वर्षे ४८६४ पतंगांवर नव्याने प्रयोग केला. पतंग दिवसा खरोखर कोठे बसतात हेही त्यांनी पाहिले. बरेचसे आडव्या फांद्यांवर होते, पण साधारण तिसरा हिस्सा खोडांवरच होता. पक्षी वेगळ्या दिसणाऱ्या पतंगांना अधिक खातात, हे पुन्हा सिद्ध झाले. मजेरस २००९ मध्ये वारले; त्यांचे निष्कर्ष सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. केटलवेल यांचा मूळ निष्कर्ष बरोबर होता. तरी एका ओळीचा मथळा न लिहिल्याची किंमत शिक्षकांना पुष्कळ वर्षे वर्गात मोजावी लागली.

स्पर्धांच्या जगातही हा वाद आहे. लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ चे सर्वोच्च पारितोषिक मिळालेले, कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचे चित्र पुढच्या जानेवारीत बाद झाले; लांडगा पाळीव, शिकवलेला असावा, असे परीक्षकांनी ठरवले. २०१७ मधले, काजव्यांसारख्या उजळणाऱ्या अळ्यांनी चमकणाऱ्या वारुळाजवळच्या मुंगीखाऊचे चित्र २०१८ मध्ये बाद झाले, कारण तज्ज्ञांच्या मते तो पेंढा भरलेला होता. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले. निकटचित्रांत तर मांडणी आणखी सोपी असते. किडा फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करायचा, हवा तसा बसवायचा. शाळेतल्या मुलांना हे शिकवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. किड्याच्या जिवासाठी तर नाहीच, आणि थंडीने आखडलेल्या किड्याची बैठक निसर्गातली नसते म्हणूनही नाही.

आकारमानाबद्दल थोडेसे. निकटचित्रात मुंगी हत्तीएवढी दिसते, म्हणून माप हवे. काही चित्रांत शेजारी रुपयाचे नाणे ठेवले आहे. कल्पना चांगली, वस्तू चुकीची. १९९२ च्या घडणीचा रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा होता, २०११ च्या घडणीचा २२. दोन्ही प्रकारची नाणी लोकांच्या हातात राहिलेली आहेत. कंपासपेटीतली पट्टी किंवा आलेखकागदाचा तुकडा ठेवावा. एक चित्र मापासह, एक मापाशिवाय.

आणि आता आम्हाला सर्वांत आवडलेले चित्र. मृगाचा किडा. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर फिरणारा तो लाल मखमली जीव. या एकाच विषयाची सात चित्रे आली, त्यांपैकी सहा वरून काढलेली. सहांतही लाल रंग इतका भडकला आहे की मखमल दिसत नाही, नुसता लाल ठिपका दिसतो. फोन काळ्या मातीकडे पाहून उजेड वाढवतो आणि लाल रंगाचा कस निघून जातो. पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करायला हवा होता. सातवे चित्र काढणारा मुलगा बहुधा चिखलात पालथा पडला असावा. फोन मातीला टेकवून, किड्याच्या पातळीवरून, बाजूने. ढगाळ उजेड. मखमलीचा एकेक केस दिसतो, मागे ओल्या ढेकळांची धूसर रांग आहे. आणि पाय मोजता येतात : एका बाजूला चार. म्हणजे एकूण आठ. नावात किडा असला तरी हा कीटक नव्हे. तो कोळी-विंचवांच्या गोतातला. वरून काढलेल्या सहा चित्रांवरून हे कधीच कळले नसते.

चित्र थोडे डावीकडे झुकले आहे, ते सरळ करावे. बाकी काही करू नये. याच जीवाच्या पिल्लांना, म्हणजे अळी-अवस्थेत, मात्र सहाच पाय असतात आणि त्या अवस्थेत ती दुसऱ्या किड्यांच्या अंगाला चिकटून त्यांचा रस शोषतात. टोळ-नाकतोड्यांच्या पंखांच्या बुडाशी कधीकधी लाल टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसतात, ते बहुधा अशाच कुळांतल्या पिल्लांचे. येत्या पावसाळ्यात कुरुंद्याच्या मंडळींनी ते शोधावेत. पूर्ण नाकतोडा, मग पंखाचे बूड, मग ठिपका, अशी तीन चित्रे, शेजारी पट्टी, मागे तारीख, वेळ आणि शेताचे नाव. मूळ फाइल आमच्याकडे पाठवावी. उजेड लागलाच तर आम्ही वाढवू.